शेतातलं गोल रान: आयर्लंडमधला रिंगफोर्ट शोधायचा कसा, बघायचा कसा

आयर्लंडमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाची पहिली फसगत 'फोर्ट' या शब्दाने होते. किल्ला म्हटलं की आपल्याला बुरूज, दिंडी दरवाजा आणि पाण्याची टाकी दिसायला लागतात. नकाशावर 'फोर्ट' वाचून मी पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा चढणीचे बूट, दोन लिटर पाणी, थालीपिठं असा राजगडाचा सरंजाम सोबत होता. पोहोचलो तर सपाट कुरण, चरणाऱ्या गायी आणि मधोमध काटेरी झुडपांचं एक गोल बेट. त्या बेटाभोवती दोनदा फिरलो, किल्ला काही दिसला नाही, थालीपिठं गाडीत बसून खाल्ली आणि परत आलो. घरी नकाशा पुन्हा उघडल्यावर कळलं की मी किल्ल्यालाच प्रदक्षिणा घालून आलो होतो.

ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आधी नजर बदला

रिंगफोर्ट म्हणजे शेतकऱ्याचं कुंपण घातलेलं घर. साधारण इ.स. ५०० ते १००० या काळात आयर्लंडमधली बरीचशी बरी परिस्थिती असलेली कुटुंबं अशा गोल आवारात राहत होती. गोल खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचून बांध घालायचा, बांधावर लाकडी कुंपण किंवा काटेरी कुंपण, आणि आत एक-दोन घरं. आतल्या जागेचा व्यास बहुतेक ठिकाणी २० ते ४५ मीटरच्या दरम्यान, तीसच्या आसपास सर्वांत जास्त. आपल्याकडची गढी आणि शेतातला वाडा यांच्या मधलं काहीतरी समजा, फक्त गढीचा डामडौल वजा करून.

अशा सुमारे ४५ हजार जागा बेटभर नोंदलेल्या किंवा अंदाजलेल्या आहेत. त्यामुळे तुम्ही आयर्लंडच्या ग्रामीण भागात कुठेही राहत असलात तरी सर्वांत जवळचा रिंगफोर्ट बहुधा सायकलच्या अंतरावर असतो.

नावं थोडी सांभाळून वापरा. मातीचा असेल तर 'राथ' (आपल्या रथाशी याचा काही संबंध नाही), दगडी असेल तर 'कॅशल' किंवा 'काहर', आणि कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेला 'लिस'. हे शब्द गावांच्या नावांत जागोजाग आहेत: रॅथमाइन्स, लिसमोर, लिस्टोवेल, काहरसिव्हीन. शेतकरी मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत. ते सरळ 'द फोर्ट' म्हणतात, नाहीतर आवाज थोडा खाली आणून 'फेअरी फोर्ट'.

आणि कुंपण कशासाठी? मुख्यतः गुरांसाठी. त्या काळी आयर्लंडमध्ये नाणी पाडत नसत, श्रीमंती दुभत्या गायींवर मोजत. साधारण इ.स. ७०० च्या 'क्रीथ गॅब्लाख' या कायद्याच्या संहितेत समाजातल्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यातल्या सधन शेतकऱ्याचं नावच 'बोआरे', म्हणजे गायींचा धनी. आयरिश 'बो' आणि संस्कृत 'गो' एकाच मुळातले. गुरं पळवून नेणं हा तिथल्या लढाईचा नेहमीचा प्रकार होता, आणि लांडगेही होते. रात्रीपुरता धाडीचा वेग मोडेल एवढं कुंपण पुरे होतं. महिनाभर वेढा सोसायची वेळ कुणावर येत नव्हती, म्हणून तटबंदी शोधत बसू नका.

पहिली भेट दगडी कॅशलला द्या

मातीचा राथ बघायला डोळा तयार व्हावा लागतो. म्हणून सुरुवात दगडी ठिकाणापासून करा, तिथे भिंत उभी दिसते.

केरी काउंटीतला स्टेग फोर्ट सर्वांत ठसठशीत. चुना-मातीशिवाय नुसत्या दगडावर दगड रचलेली भिंत, काही ठिकाणी साडेपाच मीटरपर्यंत उंच आणि तळाशी चार मीटरच्या आसपास जाड. आतल्या अंगाला भिंतीवर चढायला पायऱ्यांच्या जोड्या आहेत, इंग्रजी 'एक्स'सारख्या तिरप्या रचलेल्या. काहरसिव्हीनजवळ काहरगल आणि लेकनाबुइला हे दोन कॅशल एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. लेकनाबुइलामध्ये आतल्या घरांचे पाये दिसतात, त्यामुळे 'आत कुणीतरी राहत होतं' हे तिथे सर्वांत पटकन पटतं. क्लेअरमध्ये बरेनच्या चुनखडीच्या पठारावरचा काहरकॉनेल तिकीट काढून बघता येतो, आणि पूलनाब्रोनचं प्रसिद्ध दगडी थडगं जवळच असल्याने एका फेरीत दोन्ही होतात.

एक सावधगिरी: यातल्या काही भिंती नंतर पुन्हा रचलेल्या आहेत. डोनेगलच्या ग्रियानान ऑफ ऐलीखची आजची उंची १८७० च्या दशकातल्या दुरुस्तीतून आली आहे. फोटो जरूर काढा, पण 'बाराशे वर्षं अशीच उभी आहे' असं पोरांना सांगू नका.

नकाशावर शोध

आता आपला, बिनफलकाचा राथ. नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसचा 'हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर' नावाचा ऑनलाइन नकाशा फुकट आहे. तुमचं गाव शोधा, नकाशा मोठा करा, ठिपके दिसायला लागतात. ठिपक्यावर टिचकी मारली की प्रकार, टाउनलँडचं नाव आणि नोंदणी क्रमांक येतो. टाउनलँड म्हणजे आपल्या शिवारासारखा जमिनीचा सर्वांत छोटा नावाचा तुकडा. तिथला पत्ता विचारताना हेच नाव कामी येतं.

प्रकारात 'रिंगफोर्ट - राथ' किंवा 'रिंगफोर्ट - कॅशल' लिहिलं असेल तर उत्तम. नुसतं 'एन्क्लोजर' असेल तर काहीतरी गोल आवार होतं, पण ते नक्की कसलं हे ठरलेलं नाही असा अर्थ. 'सुटेरॅन' लिहिलं असेल तर जवळपास जमिनीखाली दगडी भुयार आहे.

ठिपका असला म्हणजे जमिनीवर काही उरलंच असेल असं नाही. म्हणून त्याच जागेचं हवाई छायाचित्र बघा. गर्द झाडांचं गोल कडं दिसलं तर जा. गवतात फिकट गोल रेघ दिसली तर तिथे राथ नांगरला गेला आहे. तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो: शेताचा सरळ बांध मध्येच गरोदर पोटासारखा फुगलेला असतो. अर्धा राथ शेताच्या बांधात जिरला, उरलेला अर्धा शेजाऱ्याच्या नांगराने खाल्ला. बांध कोरणं काही फक्त आपल्याकडेच चालत नाही.

मग जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे उघडा. मैलाला सहा इंच या मापाचा पहिला सर्व्हे १८२९ ते १८४२ दरम्यान झाला, आणि २५ इंची नकाशे १८८८ ते १९१३ मधले आहेत. दोन्ही ऑनलाइन बघता येतात. त्यांवर राथाभोवती बारीक फटकाऱ्यांचं वर्तुळ असतं, शेजारी 'फोर्ट' किंवा 'लिस'. वर्तुळाच्या आत किंवा लगत 'केव्ह' लिहिलेलं दिसलं तर ती नैसर्गिक गुहा समजू नका, बहुधा ते भुयारच. पहिल्या नकाशावर पूर्ण वर्तुळ, दुसऱ्यावर अर्धं, आज उपग्रह चित्रात काहीच नाही: ही मालिका एकदा स्वतः जुळवून बघा, मग शेतात उरलेल्या राथाची किंमत कळते.

उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे अँट्रिम, डाउन वगैरे सहा काउंट्यांत, कायदा आणि नोंदवही वेगळी आहे. तिथला नकाशा तिथल्या 'डिपार्टमेंट फॉर कम्युनिटीज'कडे मिळतो.

परवानगी, हंगाम, चिखल

राथ जवळजवळ नेहमी कुणाच्या तरी खासगी शेतात असतो. नोंदलेलं स्मारक आहे म्हणून आत शिरायचा हक्क मिळत नाही, आणि ब्रिटनमधल्यासारखं शेतातून जाणाऱ्या हक्काच्या पायवाटांचं जाळं आयर्लंडमध्ये नाही. तेव्हा घराचं दार वाजवा. दूध काढायच्या वेळा, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, टाळा. अंगणात कुत्रा भुंकत येईल, तिथेच थांबा, कुणीतरी बाहेर येतंच.

बोलताना आडवळण नको. "तुमच्या शेतातला फोर्ट बघायचा होता, नुसतं फिरून बघणार, काही उकरणार नाही," एवढं पुरतं. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण अनोळखी माणूस फोर्टबद्दल विचारतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका मेटल डिटेक्टरची येते. मग दोन गोष्टी तुम्ही विचारा: बैल सोडलेला आहे का, आणि कुठल्या फाटकाने जाऊ. नवजात वासरं असलेल्या गायींच्या कळपातून जाऊ नका, बैलाइतक्याच त्याही अंगावर येतात. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवा. सोबत स्वतःचा कुत्रा नको.

हंगाम जानेवारी ते मार्च. झुडपांची पानं गळलेली असतात, नेचे आडवे झालेले असतात, आणि सूर्य इतका खाली असतो की हातभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. उन्हाळ्यात तोच राथ खाजकुयलीसारख्या चावऱ्या नेटल्स आणि काटेरी ब्लॅकबेरीने भरून जातो. शिवाय गोचीड. लाइम रोग गोचिडीतून पसरतो, म्हणून उन्हाळ्यात गेलात तर विजारीचे पाय मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. गमबूट बाराही महिने.

आता वाचायला सुरुवात

पोहोचल्यावर लगेच आत घुसू नका. शंभर पावलांवर थांबून आधी जागा बघा. राथ सहसा डोंगराच्या माथ्यावर नसतो, दलदलीतही नसतो. उताराच्या मध्यावर, पाणी निचरणाऱ्या, कसदार जमिनीत, आपली कुरणं नजरेत राहतील असा तो असतो. तिथे उभं राहून आजूबाजूला दुसरं झाडांचं गोल बेट दिसतं का बघा. पुष्कळदा दिसतं, तो त्या काळचा शेजारी.

मग बाहेरून एक पूर्ण फेरी. पायाखाली जमीन कुठे दबते याकडे लक्ष ठेवा. खंदक आता गाळाने भरलेला असतो, कधी उरलेली खोली गुडघाभर असते. पण तिथलं गवत जास्त हिरवं असतं, पावसानंतर पाणी साचतं, बूट रुततो. खंदकाच्या आत बांध. तो मूळचा किती उंच होता याचा अंदाज आजच्या उंचीवरून घेऊ नका, कारण बांध झिजून खंदकात उतरलेला असतो. एक बांध की दोन की तीन, ते मोजा. बहुसंख्य राथ एकाच बांधाचे. दोन-तीन बांध असले तर तिथे वजनदार माणूस राहत होता असं धरतात. त्याच क्रीथ गॅब्लाखमध्ये राजाच्या घराभोवतीचा बांध त्याच्या अंकितांनी खणून द्यायचा असतो, म्हणजे बाहेरचा बांध बघूनच कळावं की याच्या हाताखाली किती माणसं राबतात. कॉर्कमधला गॅरेन्सचा तीन बांधांचा राथ १९३७ मध्ये उत्खनन झालेला आहे, तिथे धातुकामाचे आणि परदेशी भांड्यांचे अवशेष मिळाले. साध्या गोठेवाल्याकडे भूमध्य समुद्राकडची भांडी येत नसत.

पुढचं काम प्रवेशद्वार शोधणं, आणि इथे सगळेच चुकतात. बांधाला तीन-चार ठिकाणी खिंडारं असतात, त्यातली बहुतेक गुरांनी किंवा ट्रॅक्टरने पाडलेली. खरं दार ओळखायची खूण बांधात नसते, खंदकात असते. खिंडारासमोर उभं राहून खंदकाकडे बघा. मूळ दारासमोर खंदक खणलेलाच नसतो, न खणलेल्या जमिनीची एक पट्टी पुलासारखी सोडलेली असते आणि खंदक तिच्या दोन्ही बाजूंना गोलाई घेऊन संपतो. नंतर पाडलेल्या खिंडारासमोरून खंदक तसाच पुढे जातो, फार तर ढकललेल्या मातीने थोडा उथळ झालेला. मग होकायंत्र बघा. पूर्व किंवा आग्नेय आलं तर बहुधा तुमचं बरोबर आहे. अटलांटिकचा वारा-पाऊस पश्चिमेकडून येतो, त्याला पाठ करून बसायची ही रीत.

आता त्या दाराने आत जा. व्यास पावलांनी मोजा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा. आतली जमीन बाहेरच्या कुरणापेक्षा उंच वाटते का? पिढ्यान्‌पिढ्या घरं पडून त्यावर नवी बांधली की आतली पातळी वर चढते, आपल्या जुन्या गावांतल्या पांढरीच्या टेकाडासारखी. उत्तरेत असे उंचावलेले राथ बरेच आहेत. अँट्रिममधल्या डीअर पार्क फार्म्स या ठिकाणी १९८० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा पाणी साचलेल्या थरांत अख्ख्या घरांचे तळ मिळाले: हेझलच्या फोकांनी विणलेले दुहेरी कूड, दोन कुडांच्या पोकळीत ऊब धरायला भरलेला गवत-पाला, आणि इ.स. ६४८ मध्ये तोडलेल्या ओकची दाराची चौकट. माणसांच्या डोक्यातल्या उवासुद्धा सापडल्या. कुडाचं घर आपण कोकणात बघितलेलं असतं, म्हणून ही माहिती वाचल्यापासून रिकाम्या राथात उभा राहिलो की मला घर कुठे असेल ते दिसायला लागतं: मध्यभागी, सहा-सात मीटर व्यासाचं, दार पूर्वेला.

हे घर तुम्हाला दिसणार नाही. त्याचे खांब कुजून हजार वर्षं झाली. दिसू शकतं ते भुयार, तेही पडलेलं असलं तर. आतल्या जमिनीत लांबट, अरुंद खळगा किंवा एखादी चपटी मोठी शिळा उघडी पडलेली दिसली तर तिथून लांब उभे राहा. ही भुयारं बहुतेक या काळाच्या उत्तरार्धातली, लोणी-दूध थंड ठेवायला आणि धाड आली की बायका-पोरांनी लपायला. मध्ये मुद्दाम इतकी अरुंद जागा ठेवलेली असते की सरपटतच पुढे जावं लागतं, म्हणजे पाठलाग करणारा एकेकटाच आणि डोकं पुढे करून येणार. केरीत कूलमॅगॉर्टच्या भुयाराच्या छताला ओघम ही जुनी आयरिश लिपी कोरलेल्या शिळा वापरलेल्या निघाल्या, त्या आज डनलोला रस्त्याकडेला उभ्या आहेत. हे वाचून टॉर्च घेऊन आत उतरावंसं वाटेल. उतरू नका. छत ढासळतं, हवा कोंदट असते, आणि बिजूने (बॅजरने) आधीच घर केलेलं असलं तर तो हुज्जत घालत नाही.

सोंगं ओळखा

गोल दिसलं की राथ, असं नाही. खंदक आत आणि बांध बाहेर असेल तर ते बहुधा रिंग-बॅरो, म्हणजे त्याहून कितीतरी जुनं थडगं. चौकोनी आणि पाण्याने भरलेला खंदक असेल तर ते तेराव्या-चौदाव्या शतकातलं अँग्लो-नॉर्मन वतनदाराचं घर. खूप मोठं वर्तुळ आणि आत कबरी असतील तर जुना मठ. एकसारख्या अंतरावर लावलेले बीचचे म्हातारे वृक्ष आणि पुसटसा बांध दिसला तर जमीनदाराने शोभेसाठी लावलेली झाडी, जरी कधीकधी त्याने ती खऱ्या राथावरच लावलेली असते. शंका राहिली तर वहीत 'शंका' लिहा, नकाशावाल्यांनीही 'एन्क्लोजर' लिहून तेच केलेलं आहे.

हात लावायचा नाही तो कशाला

मेटल डिटेक्टर गाडीतही नको. परवान्याशिवाय पुरावस्तू शोधायला तो वापरणं आयर्लंडमध्ये १९८७ पासून गुन्हा आहे. उकरणं, दगड हलवणं, 'आठवण' म्हणून खडा उचलणं, सगळं बंद. बिजूने उकरलेल्या मातीत काही पडलेलं दिसलंच तर जागेवरच फोटो काढा आणि नॅशनल म्युझियमला कळवा.

कायद्याच्या कितीतरी आधी राथ जपले ते भीतीने. आत 'त्यांची', म्हणजे पऱ्यांची, वस्ती आहे, हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडलं तर गुरं मरतील, घरात आजारपण येईल, ही समजूत. आपल्या देवराईतली काटकीही कुणी घरी नेत नाही, तसंच. ही भीती अजून पूर्ण गेलेली नाही: क्लेअरमधल्या लाटूनला महामार्गाच्या आड येणारं एक हॉथॉर्न वाचवायला १९९९ मध्ये कथेकरी एडी लेनिहान यांनी मोहीम केली आणि झाड वाचलं. शेतकऱ्यापुढे यावर हसू नका. तो स्वतः हसेल, पण झाड तोडणार नाही.

आणखी एक गोष्ट हळू आवाजात. काही राथांत पायाखाली छोटे, न घडवलेले दगड ओळीने किंवा विखरून रोवलेले दिसतात. तो बहुधा 'किलीन', बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळांना पुरायची जागा. चर्चच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळत नसे, म्हणून बापमंडळी ती रात्री इथे आणून पुरत. विसाव्या शतकातही हे चाललं, म्हणजे शेजारच्या घरातल्या एखाद्या आजीचं भावंड तिथे असू शकतं. दगड दिसले की त्यांच्यावरून चालू नका, फोटो काढायची घाई करू नका, आणि तिथून बाजूला व्हा.

परतताना पुन्हा दार वाजवा

फाटक लावून झालं की सरळ गाडीकडे जाऊ नका. आभार मानायला घराकडे वळा, कारण खरी माहिती या वेळी मिळते. जाताना "हो, आहे तिकडे, बघा" एवढंच बोललेला माणूस आता फाटकाला रेलून बोलतो. त्याला तीन गोष्टी विचारा: त्या शेताला घरात काय नाव आहे, तिथे कधी 'केव्ह' उघडी पडली होती का, आणि त्याच्या आजोबांच्या वेळी बांध किती उंच होता. हे कुठल्याच नकाशात नसतं. मला एकदा या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून म्हाताऱ्याने काही न बोलता हात छातीपर्यंत उचलून दाखवला, मग खाली आणून गुडघ्यापाशी ठेवला. ते वहीत आकड्यात लिहायला मला घरी येऊन त्याची उंची आठवावी लागली. तुम्ही तिथेच विचारून घ्या.